सखुबाईच्या कोंबड्यांखालची जमीन

सखुबाईचं तोंड सकाळी खुराड्याची फळी उचलली की सुरू व्हायचं, ते दिवेलागणीला फळी पडली की मगच मिटायचं. शिव्या कोंबड्यांना, पण ऐकायच्या सगळ्या गल्लीनं. "निघ गं भवाने, तुला काय आवतन धाडू का?" असं ती डोंगरीवर ओरडली की पलीकडच्या घरातल्या सुना अंथरुणातून ताडकन उठायच्या. डोंगरी ही तिची सगळ्यात थोरली कोंबडी. काळी, उघड्या मानेची, वयानं म्हातारी अन् स्वभावानं हुबेहूब मालकीण. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे आणि दोघी एकमेकींना मोजत नसत.

घरात वाटण्या ठरलेल्या. शेतातलं सोयाबीन, हळद नवऱ्याची, म्हणजे ग्यानबाची. टेम्पो पोराचा, स्वप्निलचा. तो जवळा बाजारचा माल वारंगा फाट्यावर नेऊन टाकायचा. चूल सुनेची, करुणाची. नात राजनंदिनी, म्हणजे राजू, सगळ्यांची. पण अंगणातली लोखंडी जाळी, तिच्यातलं खुराडं आणि त्यातल्या कोंबड्या एकट्या सखुबाईच्या. तिथं कुणी बोट घातलं की तिचा पारा चढलाच म्हणून समजा.

आता ह्या गावाची एक गोष्ट सांगून टाकायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. औंढ्याच्या डोंगराखालच्या ह्या गावात जमीन बोलते. भूकंप हा शब्द टीव्हीवाल्यांचा. गावात म्हणतात, 'आवाज आला'. आधी पायाखाली कुणी रिकामं जातं ओढल्यागत गुरगुर होते, मग फळीवरची भांडी वाजतात, मग पत्रे, आणि मग सगळं गप्प. लोक दारात येऊन एकमेकांना विचारतात, "आला व्हता का?" "आला की." अन् परत चहाचं आधण ठेवतात. साहेबलोक आले, म्हणाले पत्र्यावरचे दगड उतरवा, डोक्यात पडतील. लोकांनी उतरवले. वैशाखातल्या वावटळीनं चार घरांचे पत्रे उडवून नेले, तसे दगड पुन्हा वर चढले. माणसानं करावं तरी काय?

पण एकदा असा आवाज आला की आधणबिधण विसरायला झालं.

त्याच्या आदल्या संध्याकाळी सखुबाईच्या कोंबड्या खुराड्यात जाईनात. डोंगरी पुढं अन् बाकीच्या मागं, अंडी उबवायला रवणीला बसलेली एक सोडून सगळ्या फडफडत अंगणातल्या लिंबावर चढून बसल्या. सखुबाईनं दाणे टाकले, काठी आपटली, त्यांच्या सात पिढ्या काढल्या. एक उतरेल तर शपथ. शेवटी "मरा तिकडंच, बोक्याचं पोट भरा," म्हणून ती झोपली खरी, पण जीव कुठं लागतोय? तांबडं फुटायच्या आत उठून बाहेर आली. राजनंदिनी जागी झाली होती म्हणून तिलाही कडेवर घेतलं. लिंबाखाली उभी राहून वर बघते न बघते तोच जमीन गुरगुरली. ह्या खेपेला ती नुसती गुरगुरून थांबली नाही, सखुबाईला तिनं चक्क खाली बसवलं. घरात धडाड झालं. आत जाऊन बघतात तर स्वयंपाकघराच्या भिंतीचे वरचे दगड निसटून बरोब्बर आजी-नातीच्या गोधडीवर येऊन पडलेले. गोधडीचं एक टोक तेवढं दिसत होतं.

सखुबाई गोधडीकडं बघत राहिली आणि मग तिला रडू फुटलं. नातीला इतकं घट्ट धरलं होतं की पोरगी कोकलायला लागली, तेव्हा कुठं करुणानं सोडवून घेतली.

त्या दिवसापासून सखुबाईचा कोंबड्यांवर विश्वास बसला, असं म्हणणं थोडं होईल. तिनं त्यांना देवपण दिलं. आणि त्याच दिवशी खुराड्यात रवणीला बसवलेल्या कोंबडीखालची अंडी दणक्यानं एकमेकांवर आपटून फुटलेली तिनं पाहिली. आत पिसं धरलेली पिल्लं होती. खाली मुरूम, टणक, दगडासारखा. ती मुरमावर हात फिरवत म्हणाली, "ज्यांनी माझं लेकरू वाचवलं, त्यांच्या पिल्लाखाली मी दगुड ठिवला. थू माझ्या जिनगानीवर."

बस्स, तिथून तिच्या डोक्यानं घेतलं. जाळीत सगळीकडं काहीतरी मऊ अंथरायचं. पण काय?

ह्या प्रश्नापायी घरात पंधरवडाभर दुसरं बोलणं नव्हतं. ग्यानबा गरीब माणूस, म्हणाला, काळी माती टाकू. सखुबाई म्हणाली, पाऊस आला की कोंबड्या काय नांगरून पेरायच्या का? स्वप्निल म्हणाला, सिमेंटचा कोबा करून टाकू, एकदाची कटकट जाईल. ती म्हणाली, तुझ्या डोक्यात आधीच केलाय. आरा गिरणीतला लाकडाचा भुसा आणून पाहिला, तर कोंबड्या शिंकायला लागल्या. हळदीचा वाळका पाला टाकला, तो दोन दिवसांत चुरा होऊन वाऱ्यानं करुणाच्या पिठात गेला.

मग आली पारुबाई. पारुबाई वरच्या तांड्यावरची, सखुबाईची निंदणाखुरपणातली जुनी जोडीदारीण. तिच्याकडंही कोंबड्या होत्या, त्यामुळं ह्या विषयात तिला बोलायचा हक्क होता.

"वाळू टाक," पारुबाई म्हणाली. "वरून चुलीतली राख भुरभुरव. घाण वाळून जाती, झाडलं की साफ."

"अन् अंडी? वाळूवर आपटली तर फुटणार न्हाईत व्हय?"

"तर रवणीची कोंबडी डाल्यात बसव ना, चांगलं चिंध्या घालून. त्याच्यासाठी सगळी जाळी काहून मऊ करतीस? कोंबडीला गादी लागत न्हाई, सखू. तिला उकरायला लागतं."

हे बोलणं बराबर होतं. पण बराबर बोलणं दुसऱ्याच्या तोंडून आलेलं सखुबाईला कधी सोसलं नाही. "तुझ्या कोंबड्यांनी वाचवलं का कुणाचं लेकरू?" असं ती फाडकन बोलून गेली, आणि पारुबाई चहाची कपबशी खाली ठेवून उठली. तशात नदीची वाळू आणायची म्हणजे स्वप्निलचा टेम्पो पाहिजे, अन् वाळूचं नाव काढलं की तो कानाला हात लावायचा. "तहसीलची गाडी मागं लागली तर टेम्पो जाईन माझा," म्हणायचा. वाळू राहिली.

आणि सोयाबीनची मळणी झाली. मशीनमागं कुटाराचा ढीग पडला. शेंगांची टरफलं, काड्या, पाला, सगळं बारीक झालेलं, पिवळं, कोरडं, हात घातला तर कोपरापर्यंत आत जाईल असं मऊ. त्यात चुकार दाणेही राहिलेले. सखुबाईला तर सोन्याची खाणच दिसली. कोंबड्यांना अंथरूणही झालं अन् खाणंही झालं. ग्यानबानं पाठीवर गाठोडी आणून आणून जाळीत ओतली. घोट्यापर्यंत थर झाला, मागच्या कोपऱ्यात तर गुडघ्यापर्यंत. कोंबड्या दिवसभर उकरत बसल्या. सखुबाई कमरेवर हात ठेवून बघत होती, अन् लेकीचं सासर चांगलं निघाल्यावर बाईचा चेहरा होतो तसा तिचा झाला होता.

पहिले आठ दिवस दृष्ट लागण्यासारखे गेले. मग उंदीर आले.

दाणे म्हटल्यावर उंदीर यायचेच, त्यात नवल काय? संध्याकाळी कुटारात सरसर ऐकू यायची. एकदा अंडी कमी भरली, पुन्हा एकदा कमी भरली. मग कोंबड्यांनी मागच्या कोपऱ्यात उकरणं सोडलं. डोंगरी त्या कोपऱ्यापासून हातभर अलीकडं थांबायची, उघडी मान ताणायची आणि घशातल्या घशात कुर्रर्र करायची. कितीतरी वेळ तशीच, एक पाय वर धरून.

"आत्याबाई," करुणा म्हणाली, "त्या कोपऱ्यात काहीतरी हाय. मला सळसळ ऐकू आली."

"उंदरं हायत."

"उंदरं हायत म्हनूनच म्हन्ते."

"तू मला कोंबड्या शिकवू नको. डोंगरी जमीन ऐकून राहिली. आवाज यायचा आसंल."

गंमत बघा. जी बाई कोंबडीच्या नुसत्या चालण्यावरून तिचं अंडं कुठं पडलंय ते सांगायची, तिला आता कोंबड्यांच्या प्रत्येक हालचालीत भूकंपच दिसत होता. आणि गावानं त्यात तेल ओतलं. गोधडीची गोष्ट घरोघर गेली होती. दिवेलागणीला रस्त्यानं जाणारा माणूस हटकून थांबून विचारायचा, "सखुमाय, गेल्या का आत?" "गेल्या, गेल्या, झोपा बिनघोर," ती सांगायची, आणि खरंच लोक बिनघोर झोपायचे. जन्मभर जिला गल्लीनं तोंडाळ म्हणून टाळलं, तिला आता सगळे विचारून झोपत होते. असं सुख कुणाला सुटतं? तिलाही सुटलं नाही.

थंडी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. त्या संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या नाहीत. डोंगरी खुराड्याच्या तोंडापाशी गेली, थबकली, ओरडत मागं फिरली आणि सगळं लटांबर लिंबावर.

"आवाज येनार!" सखुबाई रस्त्यावर जाऊन ओरडली. "लेकराबाळाला बाहीर काढा! घरात कुनी झोपू नका!" गल्ली बाहेर पडली. खाटा निघाल्या, घोंगड्या निघाल्या, दारोदार शेकोट्या पेटल्या. स्वप्निल टेम्पो घेऊन फाट्यावर गेलेला, तो घरी नव्हता. करुणानं राजनंदिनीला शालीत गुंडाळून लिंबाखाली खाटेवर घेतलं. बाहेर निघण्यासारखी खाट एकच. ग्यानबाची पाठ धरलेली, जमिनीवर गार लागणार.

"थांबा," सखुबाई म्हणाली, "जाळीतलं चांगलं कवळाभर कुटार आना अन् त्येच्यावर घोंगडी अंथरा. गादीवानी व्हईल."

ग्यानबानं आयुष्यात बायकोचा शब्द मोडला नव्हता. तो जाळीत गेला. मागच्या कोपऱ्यात थर जास्त, म्हणून मागच्या कोपऱ्यात वाकला. दोन्ही हात आत घातले.

"काटा टोचला काय की," तो म्हणाला. आणि मग कुटारातून कुकरच्या शिट्टीसारखा लांबलचक फुत्कार आला.

घोणस होती. मनगटाला धरलं होतं. आरडाओरडा झाला, कुणीतरी मोटारसायकल काढली, ग्यानबाला मधे बसवून पळवलं. दवाखान्यात लस दिली, पुढं मोठ्या दवाखान्यात हलवलं, डॉक्टरांनी त्यांच्याकडून कसूर केली नाही. पण जहर उतरेपर्यंत लघवी बंद पडली होती. आठवड्यानं त्याला घरी आणलं ते चौघांच्या खांद्यावर जाण्यासाठीच.

आणि त्या रात्री आवाज आला नव्हता. त्या रात्रीच काय, त्या अख्ख्या महिन्यात जमीन एका शब्दानं बोलली नाही.

कुटार काढून जाळलं तेव्हा कोपऱ्यातून घोणस निघाली, उंदीर खाऊन मनगटाएवढी जाड झालेली. माणसांनी ती ठेचली. सखुबाई बघत होती. कोंबड्यांनी खोटं सांगितलंच नव्हतं. त्या महिनाभर सांगत होत्या, त्या कोपऱ्याकडं मान ताणून ताणून सांगत होत्या. ऐकणारीच बहिरी निघाली.

स्वप्निल दहाव्याचं उरकून आला, आणि दारातच आईसमोर उभा राहिला. "कावळा बसायला अन् फांदी मोडायला गाठ पडली एकदा. तेव्हढ्यावर तू कोंबड्याला देव केलंस. अन् माझा बाप घालवलास." तो पुढं म्हणाला, "परत त्या कोंबड्यापायी माझ्या लेकराला घराबाहीर काढलंस, तर त्याच दिवशी करुणाला अन् राजूला घेऊन फाट्यावर राह्यला जाईन. माल घेनारा शेठ खोली देऊन राहिला मला. मग तू अन् तुझ्या कोंबड्या बसा जमिनीला कान लावून."

त्या दिवसापासून सखुबाईचं तोंड मिटलं. फळी उचलायची, फळी टाकायची, शब्द नाही. रस्त्यानं जाणारे आता कुणी विचारायला थांबेनात, पोरं मात्र लांबून "सखुमाय, गेल्या का आत?" असं ओरडून पळायची. घरात तो शब्दही कुणी काढत नसे. साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं नाही, जनावर म्हणायचं नाही. टीव्हीवर दिसला तरी करुणा घाईघाईनं चॅनल बदलायची.

एक दिवस पारुबाई आली. डोक्यावर टोपली, टोपलीत तांड्याजवळच्या ओढ्यातली वाळू. जाळीत रिकामी केली आणि परत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. 'मी सांगत नव्हते का' असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर सखुबाईला सोपं गेलं असतं. पाच-सहा टोपल्यांनंतर सखुबाईच उठली, टोपली घेतली आणि दोघी मिळून ओढ्याला जायला लागल्या. चार बोटं वाळूचा थर झाला. वरून राख.

वाळूचं एक तिला तेव्हाच कळलं. वाळूवर सगळं उमटतं. डोंगरीचा एक पाय ओढत चालतो, तो उमटतो. उंदीर गेला तर शेपटीची रेघ. मुंगसाची नखं, मांजराच्या पंजाची गादी. ती रोज संध्याकाळी जाळी झाडून वाळू कोरी करायची, आणि सकाळी उठल्याबरोबर, चूळही न भरता, तिथं उकिडवी बसून बघायची. नागमोडी रेघ आहे का. एवढंच. वर्ष होत आलं, रेघ उमटली नाही. तरी बघायची. करुणाला वाटायचं, आत्याबाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय.

पावसाळा त्या साली लांबला. घराची मागची भिंत, दगडमातीची, भिजून भिजून फुगली. तिला पोट सुटलं. त्याच भिंतीला लागून स्वप्निलची लोखंडी खाट. सखुबाईनं एकदा म्हणून पाहिलं, "खाट जरा हिकडं घे." स्वप्निल म्हणाला, "दिवाळीला पाडून नवीन बांधतो. तवर तुझं कायबी ऐकायचं न्हाई मला."

आणि मग ती संध्याकाळ आली. पाऊस उघडलेला, वारा पडलेला, लिंबाचं पान हलत नव्हतं. स्वप्निल रात्रभर टेम्पो चालवून दुपारी येऊन झोपला होता, राजनंदिनी त्याच्या कुशीत. त्यानं आतून दाराला कोयंडा घातला होता. पोरगी उन्हात पळते म्हणून. करुणा बाहेर अंगणातल्या चुलीपाशी. सखुबाईनं जाळी झाडली, अंगणात दाणे फेकले, फळी धरून उभी राहिली, जिभेनं टक-टक केलं.

एकही कोंबडी आली नाही.

डोंगरी अंगणाच्या मधोमध उभी होती. एक पाय वर. मान ताणलेली. मग ती ओरडली आणि लिंबावर गेली. मागून सगळ्या.

सखुबाईच्या हातातून फळी सुटली. पहिली गोष्ट तिनं काय केली, तर वाळू बघितली. गुडघ्यावर बसून, कोपरान् कोपरा. मघाशी झाडलेली वाळू कोरी होती. खुराड्यात हात घातला, सगळीकडं चाचपलं, हाताला काही लागो म्हणून चाचपलं. देवा, काही असू दे, ती मनात म्हणाली. मुंगूस असू दे, बोका असू दे, लांबडं असलं तरी असू दे. काही नव्हतं. वाळूवर काही नाही, खुराड्यात काही नाही. म्हणजे जे होतं ते त्याच्या खाली होतं.

ती धावत दारापाशी गेली. "सप्या! ए सप्या, उठ बाबा, लेकराला घेऊन बाहीर ये!"

आतून झोपेतला आवाज आला, "काय झालं?"

ती बोलणार होती, 'कोंबड्या.' शब्द ओठावर आला आणि तिथंच थिजला. तो शब्द ऐकून हा पोरगा कूस बदलून झोपेल, वर नातीला आणखी पोटाशी धरेल. तिला ठाऊक होतं. दार आतून बंद. पोट सुटलेली भिंत त्याच्या उशाशी.

मग सखुबाईनं जे वर्षभर घरात कुणी म्हटलं नव्हतं ते म्हटलं. बेंबीच्या देठापासून किंचाळली, "साप! साप हाय खाटंखाली! साप!"

आत खाट वाजली, कोयंडा खळकन पडला आणि स्वप्निल अनवाणी, पोरीला छातीशी आवळून, पांढराफटक होऊन बाहेर आला. करुणा चुलीवरून धावली. "कुठं? कुठं हाय?" तो ओरडत होता. राजनंदिनी करुणाच्या हातात दिली, दारामागची काठी उचलली. "बापाला खाल्लं, आता सोडत न्हाई!" म्हणत तो परत आत निघाला.

सखुबाईनं दोन्ही हातांनी त्याचा सदरा धरला. "जाऊ नगंस."

"सोड, माय!"

"न्हाई रे साप. साप न्हाई."

तो थांबला. आईच्या तोंडाकडं बघितलं. मग हळूच वर, लिंबाकडं बघितलं. काठी त्याच्या हातातून खाली आली.

"परत कोंबड्या," तो म्हणाला. ओरडला नाही, हे वाईट. "सापाचं नाव घेऊन खोटं बोललीस. माझ्या बापाला ज्यानं नेलं त्याचं नाव घेऊन. करुणा, कपडे भर. आत्ता. राजूचे बी भर."

करुणा पोरीला घेऊन उंबऱ्याकडं वळली. जाळीपाशी ती क्षणभर थांबली, कोऱ्या वाळूकडं बघितलं, मग सासूकडं. आणि तिथंच उभी राहिली.

"ऐकू आलं न्हाई का?" स्वप्निल म्हणाला. "ऱ्हाऊ दे, मीच भरतो." त्यानं आईचे हात झटकले आणि एक पाय उंबऱ्यात टाकला. सखुबाईनं पुन्हा झेप घेतली, सदऱ्याचं मागचं टोक मुठीत धरलं आणि सगळं अंग मागं टाकलं. म्हातारं अंग, पण जन्मभर मोळ्या ओढलेलं. सदरा टराटरा फाटला. दोघंही अंगणात पडली.

तेवढ्यात जमीन बोलली.

आवाज डोंगराकडून आला आणि घराखालून गेला. भांडी वाजली, पत्रे वाजले, पत्र्यावरचे दगड घरंगळून अंगणात धपाधप पडले. आणि मागची भिंत, पावसाळाभर पोट घेऊन उभी असलेली, आत बसली. धुरळा दारातून बाहेर आला, एवढा की बराच वेळ कुणाला कुणी दिसेना.

धुरळा खाली बसला तेव्हा दारातून सरळ मागचं शेत दिसत होतं. खाट दिसत नव्हती. जिथं खाट होती तिथं दगड होते आणि दगडांतून राजनंदिनीच्या उशीचा कापूस बाहेर आला होता.

स्वप्निल जमिनीवर बसून त्या कापसाकडं बघत होता. फाटक्या सदऱ्यातून त्याची पाठ दिसत होती, आणि पाठीवर सखुबाईच्या नखांचे ओरखडे. त्यानं आईच्या पायाला हात लावला. सखुबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. वर्षभरानं ठेवला.

गल्लीत रडारड, हाकारे सुरू झाले होते. कुणीतरी पळत आलं, फाटकातून ओरडलं, "सखुमाय, संपलं का? जावं का घरात?"

करुणानंही तेच विचारलं, हळू, पोरीला थोपटत. "संपलं का, आत्याबाई?"

सखुबाईनं लिंबाकडं बघितलं. डोंगरी अजून फांदीवरच होती, मान ताणून, एक पाय वर धरून. तिच्याशेजारी बाकीच्या सगळ्या. दाणे खाली विखुरलेले होते, एकही उतरत नव्हती.

"न्हाई," सखुबाई म्हणाली.